कारध्याहून इशारा : आधी नोकरीचं नाव, मग आमची सही

भंडारा जिल्ह्यात आदिवासी तरुणांच्या नावावर रोजगाराचे आणि कौशल्याचे वर्ग घेणाऱ्या सर्व संस्थांना, त्या वर्गांची देयकं मंजूर करणाऱ्या कार्यालयांना आणि समारोपाला शाल-श्रीफळ घ्यायला येणाऱ्या लोकप्रतिनिधींना हा जाहीर इशारा आहे. याला निवेदन समजू नये. निवेदनं देऊन झाली. त्यांवरच्या आवक शिक्क्यांची शाईही आता फिकी पडली. येत्या ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे जागतिक आदिवासी दिनापर्यंत, खाली मागितलेला हिशेब जाहीर झाला नाही, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभांपासून पुढे एकाही वर्गाच्या हजेरीपटावर आमच्या मुलामुलींची सही मिळणार नाही, अंगठा मिळणार नाही आणि बॅनरखाली उभं करून काढायचा फोटोही मिळणार नाही.

इशारा कारध्याहूनच का, हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. वैनगंगेच्या पश्चिम काठावर भंडारा शहर, पूर्व काठावर कारधा. लाखनी, साकोली, अड्याळकडून जिल्ह्याच्या ठिकाणी येणारा माणूस इथला पूल ओलांडूनच येतो. कामाच्या शोधात नागपूर, बुटीबोरी गाठणारी पोरंही याच पुलावरून जातात. पावसाळ्यात तर सारा जिल्हा कारध्याचं नाव घेतो, कारण नदीची पातळी इथे मोजतात. इशारा पातळी आणि धोका पातळी हे दोन शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा भंडारा शहरात शिरली, तेव्हा या दोन पातळ्यांमध्ये किती थोडा अवधी असतो तेही सगळ्यांनी पाहिलं. बेरोजगारी मोजायला अशी पट्टी कुणी रोवलेली नाही. आज ती आम्ही रोवतो आहोत, आणि पाणी इशाऱ्याच्या वर गेलेलं आहे.

भंडाऱ्याचा आदिवासी सरकारी नकाशावर धड दिसतच नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा देवरी-सालेकसाचा मोठा आदिवासी पट्टा तिकडे गेला. इकडे राहिले ते तुमसरच्या डोंगरालगतचे, साकोली-लाखनीच्या जंगलाकडेचे, गावागावांत पाच-पन्नास घरांनी विखुरलेले गोंड आणि हलबा. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास भरलं. जिल्ह्याचा कुठलाच भाग पाचव्या अनुसूचीत नाही. गडचिरोली-नंदुरबारच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो, तो आम्हाला नाही. तिथे सतरा संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासींसाठी आहेत, ती आम्हाला नाहीत. तिथल्या पोरांनाही २०२४ मध्ये नाशकात रस्त्यावर बसावं लागलं आणि हाती पडल्या त्या मानधनावरच्या नेमणुका, ही कथा वेगळी. आमच्या वाट्याला राहतं भंडाऱ्याचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, त्याचं न्यूक्लिअस बजेट आणि प्रशिक्षण. शिवणकाम, वाहनचालक, एमएससीआयटी, ब्यूटी पार्लर, सुरक्षारक्षक. प्रशिक्षणाला मात्र कधी तोटा नसतो.

असा वर्ग कसा जन्माला येतो ते जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. ज्याची टोपी असेल त्याने घालावी. फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात. वीस पोरी मिळतील का, तीस मिळाल्या तर बरंच. आधार, जातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. गावातलं समाजमंदिर उघडतं, भिंतीला फ्लेक्स लागतो, टेम्पोतून सात शिलाई मशिनी उतरतात. तीस मुली आणि सात मशिनी. त्यातल्या दोन मशिनींचा पट्टा तुटलेला, एकीला बॉबिन केस नाही. पहिला आठवडा वर्तमानपत्राच्या कागदावर ब्लाउजचं कटिंग. दुसरा आठवडा जुन्या साडीच्या तुकड्यावर सरळ शिलाई. तिसऱ्या आठवड्यापासून बाई यायच्या बंद होतात. हजेरीपट मात्र भरत राहतो. सोमवार ते शनिवारच्या सह्या शनिवारी एका बैठकीत होतात. शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, समोसा आणि चहा होतो, प्रमाणपत्र हातात देतानाचे फोटो निघतात, आणि संध्याकाळी मशिनी त्याच टेम्पोत चढून पुढच्या गावाला जातात. मुलीकडे उरतो लॅमिनेशन केलेला एक कागद. गावात फॉल-पिको करून महिन्याला किती सुटतील, कापड कुठून आणायचं, मशिनीचा हप्ता कोण देणार, हे त्या वर्गात एकदाही निघालेलं नसतं. निघेल कसं? संस्थेला पैसे मिळतात ते माणसं बसवल्याचे. त्यांतल्या किती जणी कमावू लागल्या, यावर एक रुपयाही अडत नाही.

आणि हे सारं फेब्रुवारी-मार्चमध्येच का? ३१ मार्चला निधी परत जाऊ नये म्हणून. पण मार्चमध्येच मोह गळू लागतो. झाडाखालची जागा झाडून ठेवायची, उजाडायच्या आधी टोपली घेऊन पोहोचायचं आणि ऊन तापायच्या आत फुलं वेचून घरी आणून वाळत घालायची. एक सकाळ चुकली की ती फुलं गुरांची. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पानं तोडायची, दुपारभर सावलीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. जुलैत रोवणी, तेव्हा बांधीत उतरलेल्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. धान घरात आलं की काही घरं कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला जातात. या सगळ्यात मोकळे दिवस कोणते, हे आमच्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं : रोवणी आटोपल्यापासून धानकापणीपर्यंत. मंत्रालयाचं आर्थिक वर्ष मोहाच्या झाडाला ठाऊक नाही. मोहाच्या ऐन दिवसांत वर्गात बसवलेल्या मुलीची बुडालेली कमाई कुठल्या देयकात धरली, ते कुणीतरी एकदा दाखवावं.

कुणी म्हणेल, हा एका कोपऱ्यातला कडवटपणा आहे. तर मग देशाचा हिशेब तपासणाऱ्यांचं ऐका. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा अहवाल आला. तपासलेल्या टप्प्यांत ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, रिकामी जागा किंवा निरर्थक नोंद सापडली. एकच फोटो अनेक लाभार्थ्यांना चिकटवलेला आढळला. अल्प मुदतीच्या वर्गांत प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी काम मिळालेले ४१ टक्के. योजना सुरू झाली जुलै २०१५ मध्ये. दहा वर्षांत खात्याचा क्रमांक नीट लिहिता आला नाही, तिथे पोराच्या पगाराचा पाठपुरावा कोण करणार? राज्याच्या आदिवासी विकास विभागाचा इतिहासही काही वेगळं सांगत नाही. २००४ ते २००९ या काळातल्या योजनांचा गैरव्यवहार तपासण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती गायकवाड समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल आला, मग त्या अहवालाचा अभ्यास करायला दुसरी समिती आली. दरम्यान ज्यांच्या नावावर वाटप दाखवलं ती माणसं म्हातारी झाली.

आता कौशल्याबद्दल बोलू, कारण आम्हाला काहीच येत नाही या गृहितकावर हा सारा डोलारा उभा आहे.

भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनीचा कोसा महाराष्ट्राला ठाऊक आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली करवतकाठी साडी विदर्भाचीच. पण त्या साडीच्या मागे जंगलात उभा असलेला माणूस कुणाला दिसत नाही. ऐनाच्या झाडावर टसरचे किडे सोडायचे आणि कोष होईपर्यंत राखण करायची. वरून पक्षी, खालून मुंग्या. दिवसभर हातात गुलेल आणि नजर फांदीवर. एका झाडाचा पाला संपला की किड्यांसकट डहाळी तोडून दुसऱ्या झाडावर न्यायची, तीही किडा न दुखावता. कोष तयार झाला की देठासकट फांदीवरून उतरवायचा. ही कला ढिवर आणि आदिवासी घरांत बापाकडून पोराकडे आली. तिला कुठल्या केंद्राचं प्रमाणपत्र लागलं नाही. पुढे कोष उकळून सूत काढण्याचं काम बायकांचं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते उघड्या मांडीवर घासून काढलं, कातडी सोलवटेपर्यंत. केंद्रीय रेशीम मंडळाने त्यासाठी बुनियाद नावाचं यंत्र आणलं, मांडीवरचं सूत थांबावं म्हणून. चांगली गोष्ट आहे. तर मग या जिल्ह्यातल्या किती आदिवासी घरांत ते यंत्र आज चालू आहे, निरोगी अंडीपुंज वेळेवर किती जणांना पोहोचतात आणि कोषाला भाव कोण ठरवतं, हे सांगा. टसर पाळणाऱ्याला अंडीपुंज हवेत, ऐनाच्या जंगलात शिरायची मुभा हवी आणि विणकराशी थेट व्यवहार हवा. तुम्ही त्याच्या पोराला देता तीन महिन्यांचा संगणक टायपिंगचा कोर्स. कागदी घोडे नाचवायचे तर किमान आमच्या अंगणात तरी नाचवू नका.

ढिवरांचा उल्लेख केला म्हणून एक कडू गोष्ट इथेच सांगून टाकतो. ढिवर कागदावर भटक्या जमातीत मोडतो, अनुसूचित जमातीत नाही; त्यामुळे आदिवासी विभागाचं दार त्याला बंद. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याच्याच वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. आज त्या धरणाचं पाणी मागे सरत सरत भंडारा-कारध्यापर्यंत येऊन टेकतं. बुडालेल्या गावांसाठी २०१३ मध्ये ११९९ कोटींचं पॅकेज निघालं, तेही रोख रकमेच्या हिशेबाचं. रोख दोन-चार वर्षांत संपते, हे वेगळं सांगायला नको. आता त्याच पाण्यावर जलपर्यटन येऊ घातलं आहे. बोटी येतील, जेटी बांधल्या जातील, जॅकेट घालून पाहुणे सेल्फी काढतील. आमचं म्हणणं साधं आहे. त्या बोटी चालवण्याचा परवाना, त्यासाठीचं शिक्षण आणि पहिली नेमणूक नदीकाठच्या पोरांची. ज्यांच्या आज्याने महापुरात डोंग्यातून माणसं काढली, त्यांच्या नातवाला तिकीटखिडकीवर झाडू मारायला ठेवाल, तर ते आम्ही होऊ देणार नाही.

प्रशिक्षणाचा फुगा का फुगवला जातो, त्याचं उत्तर नोकऱ्यांच्या यादीत आहे. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जमातीचा दावा अवैध ठरला तर त्या आधारे मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर नेलं आणि मूळ पदं खऱ्या आदिवासींसाठी मोकळी करण्याचं ठरलं. ही १२,५०० पदं. तो आकडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक आदिवासी पोराला पाठ आहे. विशेष भरतीची मोहीम, तिची मुदत, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. त्या काळात विशीत असलेली पोरं वयोमर्यादेच्या काठावर आली. यात आमचं भांडण कुठल्या दुसऱ्या गरीब समाजाशी नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला जमातीचा दाखला मागायला निघालेल्या मोर्चात, नागपुरात चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले. त्यांच्या घरांचं दुःख आम्हाला कळतं. भांडण आहे ते पद कुणाचं हे न्यायालयाने सांगितल्यावरही ते न भरणाऱ्यांशी.

उलट जे भरलेलं होतं तेही काढून घेतलं जातंय. मे २०२५ मध्ये आश्रमशाळांतली १,७९१ पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे सरळ भाषेत ठेकेदारामार्फत, भरायचा निर्णय झाला. वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणारे नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले. लेकरंबाळं, भांडीकुंडी, पावसात ताडपत्री. डीएड-बीएड झालेली माणसं ती. त्यांच्या कौशल्यात काय कमी होतं? आणि २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहा. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने. पुढे आणखी पाच महिने. अकरा महिने कचेरीत फायली उचलल्या, ऑनलाइन अर्ज भरले, साहेबांचा चहासुद्धा आणला. बाराव्या महिन्यात घरी. याच राज्यात आदिवासी उमेदवारांना स्पर्धा परीक्षेसाठी साडेतीन महिने शिकवणारी जुनी केंद्रं आहेत, आणि त्यांचं विद्यावेतन महिन्याला १,००० रुपये. एवढ्यात भंडाऱ्यात खोली घेऊन राहून, जेवून, अभ्यास करून दाखवावा, कुणीही.

आता कारखान्यांकडे वळतो, कारण जिल्ह्यात काम नाही हे धादांत खोटं आहे. वरठीत सनफ्लॅग आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉयलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनेने त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरायचे. याच कायद्याच्या कलम ३-क प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. शिवाय राज्याच्या शासन निर्णयांनुसार स्थानिकांना ८० टक्के रोजगार, ही घोषणा नसून प्रोत्साहन अनुदानाशी बांधलेली अट आहे. यांपैकी कुणी कायदा मोडला असा आरोप आम्ही करत नाही. आमच्यासमोर आकडेच नाहीत. ते समोर ठेवा, एवढीच मागणी आहे. शिकाऊ म्हणून किती घेतले, त्यांत अनुसूचित जमातीचे किती, त्यांत भंडारा जिल्ह्याचे किती, आणि पुढे कायम किती झाले. तीस मुलींना सात मशिनींवर बसवण्यापेक्षा लेथवर बसलेला एक गोंड पोरगा या जिल्ह्याला जास्त उपयोगाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी नोकरी, मग प्रशिक्षण हे अशक्य आहे असं सांगणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे बघावं. तिथल्या मूलनिवासींनाही वर्षानुवर्षं नुसत्या वर्गांवर वर्ग करायला लावले. २०१४ च्या सरकारी आढाव्याने प्रशिक्षणासाठी प्रशिक्षण या प्रकारावर कोरडे ओढले. त्याच सुमारास व्हीटेक नावाची केंद्रं आली, त्यांचा नियम उलटा. आधी मालकाकडून नोकरीची हमी, मग त्या नोकरीपुरतं शिक्षण, आणि माणूस सव्वीस आठवडे टिकला तर संस्थेला पैसे. तिथेही सारं आलबेल नाही, पण पैशाची गाठ हजेरीऐवजी पगाराला मारता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

आणि आता घरच्यांना. आपल्याच समाजातले काही जण या धंद्यात दलाल आहेत. डोकी गोळा करायची, डोक्यामागे कमिशन घ्यायचं, वर समाजाचं काम करतो म्हणून मिरवायचं. त्यांची नावं गावाला माहीत आहेत. १५ ऑगस्टला त्यांनी ग्रामसभेत समोर बसावं, मागे नाही. आणि जी पोरं शे-दीडशे रुपयांच्या भत्त्यासाठी, टी-शर्टासाठी सही करतात, त्यांना दोष देण्याचा हक्क मला नाही. पण त्या एका सहीने तुमचं नाव प्रशिक्षित या यादीत जातं, आणि पुढच्या वेळी खरं शिक्षण आलं की, तुम्ही आधीच लाभ घेतला आहे, असं ऐकावं लागतं. सही करण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या.

तर मागणी काय. गेल्या पाच आर्थिक वर्षांत भंडारा जिल्ह्यात आदिवासींच्या नावावर झालेल्या प्रत्येक वर्गाची गावनिहाय यादी : संस्था कोणती, रक्कम किती, उमेदवार किती, आणि आज त्यांच्यापैकी किती जण त्या कामावर कमावतात. ही यादी प्रकल्प कार्यालयाच्या भिंतीवर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. ही मेहरबानी नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे न मागता जाहीर करणं हे कार्यालयाचं काम आहे. एकवीस वर्षं झाली कायद्याला. दुसरं, इथून पुढचा प्रत्येक वर्ग नेमणुकीच्या पत्रासह यावा, नाहीतर कच्चा माल आणि खरेदीदार ठरवून यावा. आणि संस्थेच्या देयकाचा निम्मा भाग उमेदवार सहा महिने कामावर टिकल्यावरच सुटावा. तिसरं, वर्गांचं वेळापत्रक ग्रामसभेने ठरवावं. मोह, तेंदू, रोवणी आणि कापणीच्या दिवसांत वर्ग लागला तर आम्ही समाजमंदिराची चावी देणार नाही. टसरसाठीचा निधी टायपिंगकडे वळवायचा नाही, आणि वर उल्लेख केलेल्या कारखान्यांचे शिकाऊ उमेदवारांचे आकडे जिल्हाधिकाऱ्यांनी मागवून जाहीर करावेत. वैधता प्रमाणपत्रासाठी नागपूरच्या फेऱ्या मारणाऱ्या पोरांसाठी पडताळणी समितीने भंडाऱ्यात ठरलेल्या दिवशी शिबिर लावावं, हेही त्यातच.

९ ऑगस्टनंतर काय होईल तेही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी बेसावध होतो असं म्हणायला नको. कारध्याचा पूल आम्ही अडवणार नाही. त्यावरून जिल्हा रुग्णालयात रोगी जातात, बाळंतिणी जातात; त्यांना रोखून आम्हाला नोकरी नको. आमच्या हातात दुसरी गोष्ट आहे आणि ती तुम्हाला जास्त लागते : आमची नावं. १५ ऑगस्टला ग्रामसभांत ठराव होतील की, नेमणुकीशिवाय किंवा बाजारपेठेशिवाय आलेल्या वर्गाला गावात जागा नाही. त्याच आठवड्यात प्रत्येक गावातून माहिती अधिकाराचे अर्ज जातील, प्रत्येक वर्गाचा एक. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, ती आम्ही मोजू. त्यानंतर पहिलं अपील, आणि त्याच्या प्रती नागपूरच्या महालेखापालांकडे व राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे. या आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तो अधिकाऱ्याला समन्स काढू शकतो. ज्यांच्या खोट्या सह्या हजेरीपटावर आहेत, त्या मुली शपथपत्रं द्यायला तयार आहेत. ती शपथपत्रं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जातील. संस्थांनी तोवर जुन्या हजेरीपटांना उंदीर लागणार नाहीत याची काळजी घ्यावी.

अधिकाऱ्यांना एक शब्द. तुमच्यात चांगली माणसं आहेत हे आम्ही जाणतो; मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वरून फोन आल्यावर त्यांचं काही चालत नाही, हेही जाणतो. या यादीने त्यांचाच हात बळकट होईल. वरून फोन आला तर सांगा, कारध्याच्या लोकांनी सही बंद केली आहे.

आणि वाचणाऱ्याला. तुमच्या गावात येत्या हंगामात फ्लेक्स लागला, तर आत जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : नेमणूक कुठे, पगार किती, आणि मशिनी शेवटी कुणाच्या घरी राहणार. उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत पेन खिशातच ठेवा.